संगीतकाराचा रकाना

यंदाच्या मार्चमध्ये मी एक तिकीट बंद केलं. आमच्या धंद्यात काम तिकिटांच्या रूपात येतं. काम झालं की तिकीट बंद. या तिकिटावर दोनच ओळी होत्या. आमच्या प्रॉडक्टच्या डेटाबेसमध्ये गाण्यांचं एक टेबल आहे. त्यात 'संगीतकार' नावाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय गाणं सेव्ह होत नाही. यापुढे तो रिकामा ठेवता आला पाहिजे. एका ओळीचा बदल, टेस्ट धरून वीस मिनिटं. रिव्ह्यू करणाऱ्याने अंगठ्याचा इमोजी टाकला आणि मी जेवायला गेलो.

कारण सोपं आहे. मी जिथे काम करतो ती कंपनी छोट्या दुकानदारांसाठी जाहिरातीचे व्हिडिओ बनवायचं ॲप चालवते. पूर्वी व्हिडिओमागचं संगीत आमच्या लायब्ररीतून निवडावं लागायचं. कुणी एखादा तुकडा वापरला की तो करणाऱ्या माणसाच्या खात्यात थोडे पैसे जायचे. आता तिथे 'तयार करा' असं बटण आहे. 'साखरपुडा, सनई, आनंदी, तीस सेकंद' असं टाइप केलं की मॉडेल संगीत देतं. त्याला संगीतकार नाही, म्हणून रकाना रिकामा. महिनाअखेरीला कुणाला किती पैसे पाठवायचे हे ठरवणारा प्रोग्रॅम नेमका तोच रकाना वाचतो. रिकामा दिसला की पुढच्या ओळीवर जातो.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. वाटलं ते तीन आठवड्यांनी, एका जुन्या चर्चमध्ये, स्वतःच व्हायोलिन वाजवणाऱ्या कपाटासमोर.

*

सध्या मी ऑनसाइट आहे, नेदरलँड्समध्ये. इथे रविवारी पाऊस असला, म्हणजे रविवार असला, की म्युझियमकार्ड घेऊन कुठेतरी शिरायचं अशी सवय लागते. उत्रेख्त शहराच्या मधोमध, डोम टॉवरपासून चार पावलांवर, ब्यूरकेर्क नावाचं मध्ययुगीन चर्च आहे. १९८४पासून त्यात म्युझियम स्पेलक्लॉक आहे. स्वतःहून वाजणाऱ्या वाद्यांचं हे संग्रहालय. गाणारी घड्याळं, चावीच्या संगीतपेट्या, कागदी रोलवर चालणारे पियानो, रस्त्यावर फिरवायचे ऑर्गन, नाचघरात ठेवायचे भिंतीएवढे ऑर्गन.

वस्तुसंग्रहालय म्हटलं की माझ्या डोक्यात शाळेची सहल येते. काचेमागे गप्प बसलेल्या वस्तू, 'हात लावू नये'ची पाटी आणि पेंगणारा पहारेकरी. इथे गाइड एकेका वाद्यापाशी थांबते, त्याला चावी देते किंवा भाता सुरू करते, आणि ते वाजतं. दोनशे-अडीचशे वर्षांची वस्तू तुमच्यासमोर काम करते. ती नीट राहावी म्हणून म्युझियमची स्वतःची दुरुस्तीची कार्यशाळा आहे. जुनी वस्तू जपणं म्हणजे तिला चालू ठेवणं, ही कल्पनाच मला आवडून गेली.

पहिलं वाद्य बासरीच्या नळ्यांचं घड्याळ होतं. आत एक लाकडी रूळ, रुळावर शेकडो बारीक पिना. रूळ फिरतो, पिन एका तरफेला उचलते, तरफ त्या सुराची झडप उघडते, भात्याची हवा नळीत शिरते. सूर लांबवायचा असेल तर पिनेऐवजी तारेची छोटी कमान ठोकलेली असते. दुसरी धून हवी असेल तर अख्खा रूळ केसभर बाजूला सरकतो आणि त्याच रुळावरची दुसऱ्या रांगेतली पिनांची नक्षी तरफांखाली येते. मी जे रोज करतो तेच हे. फक्त इथे एक पिन चुकली तर ती उपटून पुन्हा ठोकायची, कंट्रोल-झेड नाही.

हे काही खेळण्याचं संगीत नव्हतं. हायडनने अशा घड्याळांसाठी तुकडे रचले. ती घड्याळं बांधणारा प्रिमिटिव्हुस नीमेत्स हा एस्टरहाझी सरदारांच्या पदरचा ग्रंथपाल होता, शिवाय पाद्री. मोत्सार्टनेही यांत्रिक ऑर्गनसाठी लिहिलं. १७९०च्या ऑक्टोबरात बायकोला पाठवलेल्या पत्रात त्याने या कामाला मनसोक्त शिव्या घातल्यात. कंटाळवाणं काम आहे, पण पैसे मिळणार आहेत म्हणून करतोय, असा त्याचा सूर. हे वाचल्यावर तो मला अचानक आमच्या टीममधला वाटला. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल: यंत्रासाठी लिहिलं तरी त्याला पैसे मिळणार होते.

मग रस्त्यावरचा ऑर्गन आला. डच लोक त्याला प्रेमाने पिरेमेंट म्हणतात. रुळाची अडचण अशी की त्यावर गाणी थोडीच मावतात आणि नवं गाणं म्हणजे नव्याने सगळा रूळ भरणं. १८९२मध्ये पॅरिसच्या गाव्हिओली कंपनीने त्यावर तोड काढली: घड्या घातलेला पुठ्ठ्याचा लांबलचक पट्टा, त्यात भोकं. भोक आलं की सूर. गाणं हवं तेवढं लांब करा, हवं तेव्हा बदला. ही युक्ती हातमागावरून आली होती. जाकारने १८०४च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांनी कापडावर नक्षी विणायची सोय केली होती. तेच पुठ्ठे बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी घेतले, आणि त्या यंत्रावर टिपणं लिहिताना एडा लव्हलेसने १८४३मध्येच म्हणून ठेवलं की सुरांचे आपसातले संबंध अशा यंत्राला समजतील असे मांडता आले तर ते संगीतही रचू शकेल. माझा पगार याच भोकांच्या वंशावळीतून येतो.

आणि शेवटी ते कपाट. लाइपझिगच्या हुपफेल्ड कंपनीचं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं 'फोनोलिस्ट व्हायोलिना'. खाली पियानो, वर तीन खरी व्हायोलिनं, उभी बसवलेली. त्यांच्याभोवती घोड्याच्या केसांचा गोल गज फिरतो आणि ज्या व्हायोलिनचा सूर हवा ते गजाकडे ढकललं जातं. तारेवर बोटं पडतात ती धातूची. सगळं चालतं कागदाच्या रोलवर. ते वाजायला लागलं तेव्हा माझ्या शेजारची बाई गालातल्या गालात हसत होती, आणि मी, खरं सांगतो, गहिवरलो होतो. व्हायोलिन चक्क रेंगाळत होतं. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी, टेबलावर वाकून, कुठलं भोक केसभर उशिरा पाडलं म्हणजे सूर रेंगाळेल याचा विचार केला होता.

*

मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामा मिरजेकडच्या एका ब्रास बँडमध्ये सोळा वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता. आता झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याला पिरेमेंट दाखवला.

"आरं, हे तर एकट्यानं अख्खा बँड वाजवतंय की," तो म्हणाला. मग थोडा वेळ नुसतं बघत राहिला. मग विचारलं, "सुपारी कुणाला?"

सुपारी म्हणजे बँडवाल्यांची सुपारी, कार्यक्रमाची ठरवणी आणि उचल. मुंबईच्या बातम्यांतली नव्हे. मी गाइडकडून ऐकलेलं सांगितलं. चाक फिरवणारे लोक बहुतेकदा ऑर्गन भाड्याने घ्यायचे, आपल्याकडे रिक्षा घेतात तसा. पितळी डबा तालात खुळखुळवत लोकांकडून नाणी गोळा करायची, त्यातून मालकाचं भाडं द्यायचं, उरेल ते आपलं.

"आन् पुठ्ठ्याला भोकं पाडणाऱ्याला?"

"त्याला मजुरी मिळत असणार."

"आन् ज्याचं गाणं हाय त्याला?"

मला सांगता येईना. मामाने 'बरं बघ' म्हणून फोन ठेवला, दुकानात गिऱ्हाईक होतं. चर्चमध्ये दोन तास मी यंत्र कसं चालतं हे बघत होतो आणि एका बँडवाल्याने दोन मिनिटांत विचारलं, पैसा कसा चालतो. त्या रात्री मी वाचायला बसलो. जे सापडलं त्यामुळे मला दोन प्रकारच्या लोकांचा राग आला. पैकी दुसऱ्या प्रकारात मी स्वतः होतो.

*

पहिला प्रकार म्हणजे 'यंत्राला आत्मा नसतो'वाले. एआय संगीताचा विषय निघाला की हे लोक डोळे मिटून म्हणतात, त्यात भाव नाही, त्यामागे साधना नाही, ते मनाला भिडणार नाही. यांना मी व्हायोलिनासमोर उभं करीन. कॉनलन नॅनकॅरो नावाचा संगीतकार होता. त्याने मेक्सिकोत बसून वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने पियानोच्या रोलला भोकं पाडली, कारण त्याच्या डोक्यातल्या लयी कुठल्याच माणसाच्या बोटांना झेपणाऱ्या नव्हत्या. ते संगीत यंत्राचंच आहे आणि विसाव्या शतकातल्या अस्सल संगीतात मोडतं.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. कलावंताची सगळी बाजू तुम्ही 'यंत्राला जमत नाही' या एका खुंटीवर टांगली, तर ज्या दिवशी यंत्राला जमेल त्या दिवशी ती बाजू खाली पडते. दोन वर्षांपूर्वी आमच्या मॉडेलची सनई पत्र्याच्या पिपाणीसारखी वाजायची. आज दुकानदाराला फरक कळत नाही, आणि बऱ्याचदा मलाही कळत नाही. मग काय, आता पैसे मागायचा हक्क संपला? शेतकऱ्याला धान्याचा भाव मिळावा यासाठी त्याचं धान्य दैवी असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. त्याने ते पिकवलं, एवढं पुरतं.

दुसरा प्रकार आमचा. आम्ही म्हणतो, प्रत्येक पिढी घाबरते, शेवटी काही होत नाही. आमचा आवडता पुरावा म्हणजे जॉन फिलिप सूझा. अमेरिकेच्या मरीन बँडचा हा एकेकाळचा बँडमास्तर आणि मार्चच्या चालींचा बादशहा. १९०६मध्ये त्याने ॲपलटन्स मॅगझिनमध्ये यांत्रिक संगीताच्या धोक्यावर लेख लिहिला. पियानो-रोल आणि फोनोग्राफ आले, आता घरोघरी गाणारे-वाजवणारे हौशी लोक संपणार, असा त्याचा इशारा होता. एआयवरच्या भाषणात तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर हा लेख येतो, सभागृह हसतं, वक्ता म्हणतो, 'बघा, तेव्हाही असेच घाबरले होते', आणि पुढची स्लाइड. मीही हसलोय. एकदा तर ती स्लाइड मीच बनवली होती.

आम्ही त्या लेखाचा शेवट वाचलेला नसतो. शेवटी सूझा आत्म्याबित्म्याचं बोलणं सोडून मामाचाच प्रश्न विचारतो. माझ्या चाली या कंपन्या रोलवर आणि तबकड्यांवर विकतात, मला एक पैसा देत नाहीत, हे कुठल्या न्यायाने? या शेवटावर आजवर मी एकही स्लाइड पाहिलेली नाही.

*

त्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दोन वर्षांनी दिलं. ते प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने वाचायला हवं.

व्हाइट-स्मिथ म्युझिक पब्लिशिंग कंपनी विरुद्ध अपोलो कंपनी, फेब्रुवारी १९०८. व्हाइट-स्मिथ ही गाण्यांची छापील पुस्तकं विकणारी प्रकाशक, अपोलो ही स्वयंचलित पियानो आणि त्यांचे रोल विकणारी. ॲडम गायबेल या संगीतकाराच्या दोन गाण्यांचे रोल अपोलोने काढले होते. धंदा लहान नव्हता. निकालपत्रातच नोंद आहे की १९०२ साली अमेरिकेत अशी सत्तर ते पंच्याहत्तर हजार वाद्यं वापरात होती आणि त्या एका वर्षात दहा ते पंधरा लाख रोल बनले.

कोर्ट म्हणालं, नक्कल म्हणजे माणसाला वाचता येईल अशी नोंद. रोलवरची भोकं कुणी वाचून गात नाही. ती यंत्राचा भाग आहेत. म्हणून रोल ही गाण्याची नक्कल नाही, म्हणून काही देणं लागत नाही. न्यायमूर्ती होम्स निकालाशी सहमत झाले, पण त्यांनी वेगळं टिपण जोडलं. त्याचा मथितार्थ असा की कायद्याचे शब्द असेच आहेत म्हणून मान तुकवतो. तर्काने पाहिलं तर तोच स्वरमेळ यंत्राने पुन्हा उभा करणारी कुठलीही वस्तू नक्कलच मानायला हवी.

थोडक्यात, 'रोलमध्ये गाणं नाही, नुसती भोकं आहेत.'

आता २०२४कडे या. त्या जूनमध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या संगीत तयार करणाऱ्या एआय कंपन्यांवर दावे लावले. सुनोने कोर्टातल्या उत्तरात मान्य केलं की इंटरनेटवर खुलेपणाने मिळणाऱ्या, बऱ्या दर्जाच्या जवळजवळ सगळ्या संगीत फाइल्स त्यांच्या ट्रेनिंगमध्ये होत्या. पण हे न्याय्य वापरात बसतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या धंद्यात याच युक्तिवादाची चहाच्या टपरीवरची आवृत्ती अशी असते: 'मॉडेलमध्ये गाणं नाही रे, नुसते आकडे आहेत.'

आकडे आहेतच. रोलमध्येही भोकंच होती. माणसाला वाचता येत नाही अशा रूपात एखादी गोष्ट साठवली की ती कुणाची राहत नाही, हा दावा शंभराहून अधिक वर्षं जुना आहे आणि दर वेळी तो करणाऱ्याकडे ते रूप वाचणारं यंत्र असतं. नोव्हेंबर २०२५मध्ये म्युनिकच्या कोर्टाने गेमा या जर्मन संगीतकार-संस्थेच्या दाव्यात सांगितलं की मॉडेलला पाठ झालेले गाण्याचे शब्द म्हणजे मॉडेलच्या पोटातली नक्कलच. हा पहिल्या पायरीवरच्या कोर्टाचा निकाल आहे, त्याने सगळं मिटत नाही. पण होम्स यांच्या टिपणाला उत्तर मिळायला सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही.

१९०८नंतर काय झालं? 'शेवटी काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. एका वर्षात, मार्च १९०९मध्ये, अमेरिकेने कायदा बदलला. रोल किंवा तबकडी काढणाऱ्याने प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या मालकाला दोन सेंट द्यायचे. संगीतकाराने एकदा कुणाला परवानगी दिली की मग कुणालाही अडवता येणार नाही, पण फुकटही कुणाला मिळणार नाही. अडवता न येण्याची तरतूद आली ती एओलियन या बड्या रोल कंपनीने प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवल्यामुळे. सगळी गाणी एकाच खिशात जातील ही भीती होती. म्हणजे त्या घाबरलेल्या पिढीने भांडून कायदा करून घेतला, म्हणून आम्हाला आज 'काही झालं नाही' असं वाटतं.

हेही सांगायला हवं की तो दोन सेंटचा दर १९७८पर्यंत हललाच नाही. दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, दर दोन सेंट. कायदा केला की कलावंत सुखी झाला असं नसतं. पण शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच येतं, दोन सेंटला गुणता तरी येतं.

*

आता माझ्याच लोकांचे आक्षेप. मला ते पाठ आहेत.

'मॉडेलने दिलेल्या तुकड्यात कुणाचं किती आहे हे शोधणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे.' हे बऱ्याच अंशी खरं आहे. बाहेर आलेल्या एका सनईच्या तुकड्यामागे कुठल्या फाइलचा किती वाटा, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हा प्रश्न मुद्दाम अवघड बाजूने विचारलेला आहे. आत काय टाकलं हे सांगणं अजिबात अवघड नाही. ट्रेनिंगचा डेटा स्क्रिप्टने उतरवला जातो. स्क्रिप्टला यादी लागते, तिचे लॉग असतात. आमच्यातला नवखा पोरगासुद्धा डेटा कुठून आला याची नोंद न ठेवता मॉडेल ट्रेन करत नाही, कारण काही बिघडलं तर शोधायचं कुठे? यादी असते. ती दाखवायची नसते, एवढंच.

आणि पैसे द्यायला प्रत्येक सुराचा माग काढावाच लागतो असंही नाही. जर्मनीने १९६५मध्ये टेपरेकॉर्डरच्या किमतीवरच आकारणी बसवली. घरी बसून कोण काय टेप करतो हे सरकारला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायचंही नव्हतं. यंत्र विकलं गेलं की ठरावीक रक्कम संस्थेकडे, तिथून कलावंतांकडे. अचूक न्याय नव्हता, पण न्यायाच्या दिशेने जाणारा हिशेब होता.

'माणूसही ऐकूनच शिकतो.' शिकतो ना. मामा रेडिओवर ऐकून ऐकून शिकला, त्याने कुणाला रॉयल्टी दिली नाही. पण एकाच मुहूर्ताला दोन वराती त्याला घेता येत नव्हत्या. त्याने एक सुपारी घेतली की बाकीच्या गावातल्या इतर बँडना जायच्या. ऐकून शिकण्याची ही मोकळीक आपण माणसाला देतो कारण माणूस दमतो, म्हातारा होतो, आणि शिकलेलं पुढच्याला शिकवतो. सगळं ऐकणारं आणि एकाच क्षणी सगळ्या वराती वाजवणारं यंत्र त्याच मोकळिकीवर हक्क सांगतं, तेव्हा ते माणसाच्या सवलतीच्या पासवर मालगाडी चालवत असतं.

'मग तू नोकरी सोड.' सोडणार नाही. घरचा ईएमआय आहे. आणि मी सोडल्याने रकाना भरणार नाही, दुसरा कुणीतरी वीस मिनिटांत तेच करील. नैतिकदृष्ट्या स्वच्छ माणसांनीच बोलायचं ठरवलं तर या विषयावर कुणी बोलणारच नाही, कारण आतली माहिती आमच्याकडेच आहे.

*

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. २०१२मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला तेव्हा गीतकार आणि संगीतकारांना एक मोठी गोष्ट मिळाली. सिनेमागृहाबाहेर गाणं वाजलं की त्याच्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा, आणि निर्मात्याने करारात लिहून घेतला तरी तो वाटा काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर त्यासाठी जोर लावला होता. त्याच कायद्यात १९९४पासून आणखी एक ओळ आहे. संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. वाचायला निरुपद्रवी. आता विचार करा: 'साखरपुडा, सनई, आनंदी' टाइप करणारा दुकानदार घडवून आणतो, की बटण बनवणारी आमची कंपनी, की ज्यांच्या सनया आत गेल्या ते वाजवणारे? पहिल्या दोघांकडे वकील आहेत.

डिसेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक मसुदा पुढे ठेवला. कायदेशीररीत्या मिळालेलं कुठलंही साहित्य एआय कंपन्यांनी ट्रेनिंगला वापरावं, निर्मात्याला नकार देता येणार नाही, पण कमाईतून ठरलेली रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावी लागेल. १९०९ची आठवण येते ना? आमच्या धंद्याची संघटना नॅसकॉम त्या समितीत होती. तिने या शिफारशीला विरोध नोंदवला.

मी या बाबतीत माझ्या धंद्याच्या विरोधात आहे. हा मसुदा परिपूर्ण नाही. नकाराचा हक्क काढून घेणं मला खटकतं. आपली सनई जाहिरातीला नको, असं एखाद्याला वाटू शकतं. पण माझी मोठी शंका दुसरी आहे. पैसे गोळा झाले तरी ते वाटायला यादी लागेल, आणि यादीत नाव त्याचंच असणार ज्याने कुठल्या संस्थेकडे नोंदणी केली आहे. मामाच्या बँडची कुठे नोंदणी? त्याच्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी कुणीतरी यूट्यूबवर चढवल्या आहेत. त्यात तो वीस-बावीस वर्षांपूर्वीचा आहे, लाल कोट, सोनेरी झुपके, गाल फुगवून वाजवतोय. खाली लिहिलंय नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. ते कुठल्या मॉडेलमध्ये गेलं असेल किंवा नसेल. कळायला मार्ग नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

म्हणून दोन मागण्या. ट्रेनिंगची यादी जाहीर करा. कोड नको, मॉडेल नको, आत काय गेलं त्याची शोधता येईल अशी यादी. आणि जमलेल्या पैशाचा एक भाग नोंदणी नसलेल्यांसाठी राखून ठेवा: बँडवाले, बेंजो पार्ट्या, भजनी मंडळं, ज्यांचं वाजवणं सगळ्यांनी ऐकलं आणि नाव कुणी विचारलं नाही. रोलच्या खोक्यावर गाण्याचं नाव असायचं, कंपनीचं नाव असायचं, क्रमांक असायचा. भोकं कुठे पाडायची हे ठरवणाऱ्याचं नाव बहुधा नसायचं. त्या व्हायोलिनाचा रेंगाळलेला सूर कुणाचा होता हे मला आता कधीच कळणार नाही. कागदावर नावाला जागा होती. कुणाला लिहावंसं वाटलं नाही.

ऑफिसात परतल्यावर मी एक नवं तिकीट टाकलं. मॉडेलने तयार केलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर ते मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीचं नाव, मॉडेलची आवृत्ती आणि ट्रेनिंगच्या यादीचा दुवा साठवणारे तीन रकाने टेबलात घालावेत, आणि यादी नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. पैसे मागितले नाहीत, नुसती नोंद मागितली. अंदाजे काम: अर्धा दिवस. मॅनेजर म्हणाला, चांगली कल्पना आहे, बॅकलॉगमध्ये ठेवू.

तिथेच आहे. प्रायॉरिटी सगळ्यात खालची. दर सोमवारी मीटिंगमध्ये मी त्याचा नंबर वाचून दाखवतो.